मॅथ्यू बोल्टन : चांदीचा कारागीर, सरकारचा मक्तेदार

माझ्या लहानपणी आमच्या बेळगावच्या घरी देव्हाऱ्यातील टाकांशेजारी तांब्याचे एक जुने नाणे पूजेत असे. त्याच्या एका बाजूस तराजू होता आणि दोन पारड्यांच्या मधोमध फारसी लिपीतील दोन-तीन अक्षरे होती. आजी त्याला तराजूचा पैसा म्हणे. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी चिंच लावून तो घासण्याचे काम आम्हा मुलांकडे असे. त्या पैशाचे एक वैशिष्ट्य तेव्हाही जाणवे. शेजारी ठेवलेल्या शिवराया कोठे जाड, कोठे पातळ, कडेला तुटल्यासारख्या असत. हा पैसा मात्र कंपासाने काढावा तसा गोल होता.

पुढे महाविद्यालयात शिकवू लागल्यावर आपल्या वाचनालयातील नाण्यांविषयीची पुस्तके चाळताना उलगडा झाला. ती अक्षरे अदल या शब्दाची, म्हणजे न्याय या अर्थाच्या शब्दाची होती. नाणे १८०४ सालचे, ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुंबई इलाख्यासाठी करवून घेतलेले होते. पण ते मुंबईत पाडलेले नव्हते. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराजवळ सोहो नावाच्या ठिकाणी एका कारखानदाराने ते मक्त्याने पाडून जहाजाने पाठविले होते. त्या कारखानदाराचे नाव मॅथ्यू बोल्टन. वाचनालयाच्या शताब्दी ग्रंथात या परक्या माणसाचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्या आश्रयदात्यांमध्ये सराफ आणि सोनार मंडळींची परंपरा पहिल्यापासून आहे. त्यांच्या व्यवसायातील एक जुना प्रश्न या माणसाने आयुष्यभर हाताळला, एवढे उत्तर पुरेसे व्हावे. परक्या माणसाने आपल्या हाती दिलेल्या धातूवर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा, हा तो प्रश्न होय.

बोल्टनचा जन्म १७२८ च्या सप्टेंबरात बर्मिंगहॅम येथे झाला. वडिलांचा धंदा बक्कल, गुंड्या आणि अशाच लहानसहान धातूच्या शोभेच्या वस्तूंचा. त्या काळी या मालाचे बर्मिंगहॅम हे मोठे केंद्र होते. परंतु स्वस्त, दिखाऊ आणि न टिकणारा माल म्हणून शहराची अपकीर्तीही तेवढीच होती. खोट्या नाण्यांसाठीही ते कुप्रसिद्ध होते. आपल्या गावाच्या नावाला लागलेला हा डाग बोल्टनला लहानपणापासून बोचत असावा, असे त्याच्या पुढील साऱ्या उद्योगांवरून वाटते.

तो कोवळ्या वयातच वडिलांच्या कारखान्यात शिरला आणि एकविसाव्या वर्षी भागीदार झाला. १७४९ मध्ये मेरी रॉबिन्सन हिच्याशी त्याचा विवाह झाला. १७५९ मध्ये पत्नी आणि वडील असे दोघेही निवर्तले. पुढच्याच वर्षी त्याने मेरीची धाकटी बहीण अ‍ॅन हिच्याशी विवाह केला. आपल्याकडे अशा विवाहात कोणी गैर मानणार नाही. परंतु तेथील धर्मनियमांना तो संमत नव्हता. दोन्ही विवाहांतून आलेली संपत्ती त्याने साठवून ठेवली नाही. १७६१ मध्ये हँड्सवर्थच्या माळावर सोहो येथे जागा भाडेपट्ट्याने घेऊन त्याने भव्य कारखाना उभारला आणि १७६२ मध्ये जॉन फॉदरगिल याच्याशी भागीदारी केली. शेकडो कारागीर एका छपराखाली काम करू लागले. आजारपणात कामगारांना आधार मिळावा म्हणून त्यांच्या वर्गणीतून चालणारा निधीही तेथे होता.

गुंड्या-बकलांवर समाधान मानणारा तो नव्हता. तांब्याच्या जाड पाटाला चांदीचा पातळ पत्रा तापवून एकजीव करायचा आणि मग दोन्ही एकत्र लाटून भांडी घडवायची, ही शेफिल्डची रीत त्याने उचलली. त्यानंतर तो शुद्ध चांदीच्या भांड्यांकडे वळला आणि तेथेच त्याची पहिली गाठ सरकारच्या कायद्याशी पडली.

इंग्लंडमध्ये चांदीच्या वस्तूत हजारात ९२५ भाग चांदी असलीच पाहिजे, असा तेव्हा जुना दंडक होता. सरकारमान्य कचेरीत वस्तूचा किंचित कीस काढून कस पाहत. उतरली तर छाप मारीत, न उतरली तर मोडून परत देत. बर्मिंगहॅमला अशी कचेरी नव्हती. सर्वांत जवळची कचेरी चेस्टरला, सत्तरांहून अधिक मैल दूर. तेथवर खडखडत्या गाडीतून माल पाठवावा, आठवडेच्या आठवडे वाट पाहावी आणि निष्काळजी बांधणीमुळे ओरखडे पडलेली, चेपलेली भांडी परत घ्यावीत, असा प्रकार चाले. आपल्या गावातच अशी कचेरी हवी, अशी मागणी घेऊन बोल्टन १७७३ मध्ये लंडनला गेला. शेफिल्डकरांचीही तीच मागणी होती. लंडनच्या सोनारांनी कडाडून विरोध केला. ज्या गावाची ख्याती खोट्या मालाची, त्याच्याच हाती शुद्धतेचा छाप द्यायचा काय, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. तेव्हा लंडनचाच छाप असलेल्या काही वस्तू बाजारातून आणून तपासल्या गेल्या आणि त्यांतील बहुतेक कमी कसाच्या निघाल्या. त्याच वर्षी कायदा संमत झाला. ३१ ऑगस्ट १७७३ रोजी बर्मिंगहॅमची कचेरी उघडली आणि पहिला माल बोल्टन आणि फॉदरगिल यांचाच आला. बर्मिंगहॅमला नांगराचे आणि शेफिल्डला मुकुटाचे चिन्ह मिळाले. ही मंडळी लंडनला क्राउन अँड अँकर नावाच्या खाणावळीत जमत, त्यावरून ही चिन्हे घेतली, असे सांगतात.

या कायद्यातील एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. कचेरीवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळात चांदीचा धंदा न करणाऱ्यांचे बहुमत ठेवले होते. म्हणजे ज्याने ही कचेरी मिळविण्यासाठी जिवाचे रान केले, त्याच्या मालाची परीक्षा त्याच्या हाताबाहेर होती. मागणी करणाराच परीक्षक झाला असता, तर त्या नांगराला कवडीची किंमत उरली नसती.

गंमत अशी की, एवढ्या खटाटोपाने मिळविलेल्या छापाने बोल्टनला श्रीमंत केले नाही. त्याच्या चांदीच्या भांड्यांची राजवाड्यापर्यंत वाहवा झाली. पण घडणावळ भारी, गिऱ्हाईक उधारीचे आणि भांडवल महिनोन् महिने अडकलेले, यांमुळे नफा हाती लागेना. पितळेवर सोन्याचा मुलामा दिलेल्या शोभेच्या कलशांचा लंडनमध्ये लिलाव केला, तोही अपेक्षेप्रमाणे उतरला नाही. वडिलोपार्जित जमीन विकण्याची पाळी आली. त्याला तारले ते जेम्स वॅटच्या वाफेच्या यंत्राने. १७७५ मध्ये सुरू झालेली ही भागीदारी जगप्रसिद्ध आहे. त्यामुळे तिचा विस्तार येथे करीत नाही. पुढील कथेच्या दृष्टीने एवढेच लक्षात ठेवावे की, वाफेची शक्ती आता सोहोच्या दाराशी होती आणि यंत्रांच्या व्यवहारामुळे कॉर्नवॉलच्या तांब्याच्या खाणींत बोल्टनचे हितसंबंध गुंतले होते.

त्या सुमारास इंग्लंडातील तांब्याच्या नाण्यांची दशा दयनीय होती. सरकारी टांकसाळ सोन्या-चांदीच्या नाण्यांत रस घेई. तांब्याची नाणी पाडणे तिने १७७५ नंतर थांबविले होते. बाजार खोट्या नाण्यांनी भरला. १७८७ मध्ये टांकसाळीनेच केलेल्या पाहणीत शंभरातली जेमतेम आठ नाणी खऱ्याच्या जवळपास जाणारी आढळली. यात भरडला जाई तो रोजंदार. त्याला मजुरी खोट्या पैशांत मिळे आणि दुकानदार ते पैसे घेताना तोंड वाकडे करी. हा रोग केवळ इंग्लंडचा नव्हता. पेशवाईत टांकसाळीचा मक्ता सनदेने दिला जाई आणि वजन व कस पाळण्याची अट त्यात असे. तरीही आपल्या धारवाड प्रांतातील खाजगी टांकसाळींनी असा घोळ घातला होता की, थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत त्या बंद करण्याचे हुकूम सुटले. न्यायमूर्ती रानडे यांच्या मराठेशाहीतील नाण्यांवरील निबंधात याविषयीची माहिती मिळते.

खोटी नाणी पाडण्याचे काम बोल्टनकडेही चालून येई. तो ते परतवून लावी. त्याचा विचार असा होता की, कायद्याने कितीही फाशी दिले तरी खोटे नाणे थांबणार नाही. खरे नाणेच इतके चांगले पाडावे की त्याची नक्कल परवडू नये. १७८८ च्या सुमारास त्याने सोहोत स्वतःची टांकसाळ उभारली. वाफेवर चालणारी आठ छापयंत्रे होती आणि एकेक यंत्र मिनिटास सत्तर ते ऐंशीच्या घरात नाणी पाडी. चकती पोलादी कड्यात बसवून छाप मारल्यामुळे प्रत्येक नाणे एकाच मापाचे आणि अचूक गोल होई. आजीच्या पैशाचे रहस्य ते हेच.

टांकसाळ तयार झाली, मक्ता मात्र नव्हता. सरकारशी बोलणी चालू होती. पण राजाचे आजारपण, राजकारणातील गोंधळ आणि सरकारी टांकसाळीच्या अधिकाऱ्यांची अढी यांत नऊ वर्षे गेली. उभ्या यंत्रांना काम हवे होते. ते पुरविणाऱ्यांत ईस्ट इंडिया कंपनी अग्रभागी होती. सुमात्रातील वखारींसाठीच्या नाण्यांचे काम तिने त्याला आधीच दिले होते. १७९१ पासून मुंबईसाठी आणि १७९४ मध्ये मद्रास इलाख्यासाठी सोहोत नाणी पडली. सिएरा लिओन आणि बर्म्युडा येथील नाणीही तेथूनच गेली.

अखेर १७९७ च्या फेब्रुवारीत फ्रान्सशी चाललेल्या युद्धामुळे बँक ऑफ इंग्लंडला नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवावे लागले. सुट्या पैशांचा दुष्काळ पडला आणि सरकारला सोहोची आठवण झाली. पहिला मक्ता ५०० टन तांब्याचा होता. ४८० टनांच्या पेनी आणि २० टनांच्या दोन पेनी. बोल्टनने पेनी बरोबर एक औंस वजनाची केली, म्हणजे आपले सुमारे अडीच तोळे. दोन पेनीचे नाणे त्याच्या दुप्पट. नाण्यात त्याच्या किमतीच्या जवळपास तांबे असावे, हा त्यामागील हेतू. रुंद उठावदार कडेमुळे लोकांनी त्याला गाडीचे चाक म्हटले. दुकानदारांनी ते तराजूत वजन म्हणूनही वापरले. दोन-तीन वर्षांत सुमारे ४ कोटी ४० लक्ष पेनी पडल्या. नाणे फार जड, हे गाऱ्हाणे खरे होते; पुढे तांबे महागले तेव्हा ती वितळवणारेही निघाले आणि नंतरच्या मक्त्यांत वजन कमी करावे लागले. परंतु सरकारी टांकसाळीने हात टेकलेले काम एका चांदीच्या कारागिराने करून दाखविले, हे कोणी नाकारू शकले नाही. लंडनच्या नव्या सरकारी टांकसाळीला यंत्रे पुरविण्याचे कामही पुढे त्याच्याकडेच आले.

येथपर्यंत लिहिताना लेखणी सहज चालली. पुढची गोष्ट लिहिताना ती अडखळते. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान मारला गेला आणि कंपनीने विजयाचे पदक करण्याचे काम सोहोला दिले. क्यूख्लर या कुशल ठसेकाराने त्यावर वाघाला खाली पाडणारा सिंह कोरला. पदके हुद्द्याप्रमाणे सोन्याची, चांदीची, काशाची. साध्या शिपायाच्या वाट्याला कथिलाची. घडण निर्दोष, कस चोख. पण जे वजन त्या धातूने अचूक दाखविले, ते आपल्या पारतंत्र्याचे होते. तराजूच्या पैशाचेही तसेच. त्यावर न्याय हा शब्द छापणारी कंपनी स्वतः व्यापारी होती आणि तराजू तिच्याच हाती होता. बर्मिंगहॅमच्या कचेरीत परीक्षक मालकापासून वेगळा ठेवला होता. कंपनीच्या राज्यात तो वेगळा नव्हता. बोल्टनने हा विचार केला असेल असे वाटत नाही. मागणी आली आणि त्याने माप पुरे भरून दिले. कारागिराचा प्रामाणिकपणा आणि काम देणाऱ्याचा हेतू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याच्या चरित्रातून जितके स्पष्ट होते तितके क्वचित कोठे होत असेल.

१८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईनंतर त्याने खलाशांसाठी स्वखर्चाने पदके केली. १७ ऑगस्ट १८०९ रोजी सोहो येथील राहत्या घरी त्याचे निधन झाले. पुढे १८२० च्या दशकात मुंबईच्या टांकसाळीसाठी वाफेची यंत्रे आली, तीही त्याच्याच पेढीकडून. २०११ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने ५० पौंडांच्या नोटेवर वॅटसह त्याचे चित्र छापले. २०२२ पर्यंत ती नोट चलनात होती. बर्मिंगहॅमचा नांगर मात्र अडीचशे वर्षांनंतरही चांदीवर उमटतो.

२०२१ पासून आपल्याकडेही टप्प्याटप्प्याने सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला, तेव्हा गावातील काही सराफ मित्रांनी कुरकुर केली. पिढ्यान् पिढ्यांच्या आमच्या शब्दावर विश्वास नाही का, असे त्यांचे म्हणणे. त्यांना मी बोल्टनची गोष्ट सांगितली. ओळखीच्या गिऱ्हाइकाला सराफाचा शब्द पुरतो. अनोळखी गिऱ्हाइकाला छाप लागतो, आणि जो चोख आहे त्याने तो छाप स्वतः मागून घ्यावा.

आजीचा तो पैसा अजून आमच्या देव्हाऱ्यात आहे. मागे एकदा एका सराफ मित्राच्या काट्यावर तो ठेवून पाहिला. दोनशे वर्षांची झीज, शिवाय आमची चिंच. तरी फारसा घटलेला नाही, असे मित्र म्हणाला. मी तो पुन्हा शिवरायांच्या शेजारी ठेवला.