नोंदवहीतला शेवटचा क्रमांक

स्मरणिकेसाठी आवडत्या व्यक्तीवर लिहा, असा निरोप ग्रुपवर आला, तेव्हा बहुतेकांनी आपल्या शाळेतली नावं घेतली. मी ज्यांच्यावर लिहितेय त्यांनी आपली शाळा कधी पाहिली नाही. त्यांना जाऊन सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. पण ते गणित शिकवायचे, आणि त्यांचं नाव मला पहिल्यांदा सांगितलं ते आपल्या गणिताच्या सरांनी. ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ लिहिणारा लुईस कॅरोल हा खरा गणिताचा मास्तर होता, असं सर एकदा ऑफ तासाला म्हणाले होते. आठवतंय का कुणाला?

त्यांचं खरं नाव चार्ल्स लुटविज डॉजसन. जन्म २७ जानेवारी १८३२, इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यात. वडील धर्मगुरू, घरात अकरा भावंडं. बोलताना अडखळायचे, ते शेवटपर्यंत. रग्बीच्या निवासी शाळेत तीन वर्षं काढली, आणि ती वर्षं पुन्हा जगायला आपण कशाच्याही बदल्यात तयार होणार नाही, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. रीयुनियनला ते काही आले नसते! १८५१ मध्ये ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजात आले, गणितात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि १८५५ पासून तिथेच शिकवू लागले. १८८१ मध्ये शिकवणं सोडलं, पण कॉलेजातल्या खोल्या सोडल्या नाहीत. ४७ वर्षं त्यांचा पत्ता तोच राहिला.

४ जुलै १८६२ ला डीन लिडेल यांच्या तीन मुलींना नावेतून फिरायला नेताना त्यांनी गोष्ट सांगितली. दहा वर्षांच्या अ‍ॅलिसने ती लिहून मागितली, आणि १८६५ मध्ये पुस्तक आलं. ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मला ओढ आहे ती त्यांच्या पत्रांची.

१ जानेवारी १८६१ पासून, म्हणजे वयाच्या २८व्या वर्षापासून, त्यांनी पत्रांची एक नोंदवही ठेवली. आलेलं आणि पाठवलेलं प्रत्येक पत्र तिच्यात चढायचं: क्रमांक, तारीख, कुणाचं किंवा कुणाला, आणि थोडक्यात मजकूर. शिवाय एका पत्राच्या नोंदीवरून त्याच विषयातल्या मागच्या आणि पुढच्या पत्राकडे जाता यावं म्हणून त्या पत्रांचे क्रमांकही तिथेच. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला डबली लिंक्ड लिस्ट शिकवली, तीच ही. हे गृहस्थ ती शाई आणि टाकाने चालवत होते. शेवटचा क्रमांक होता ९८,७२१. सदतीस वर्षांत, सुट्ट्या धरून, रोज सरासरी सात पत्रं.

लहान मुलांना लिहिलेली पत्रं आरशात धरून वाचायची, नाहीतर शेवटच्या शब्दापासून उलटी वाचत जायची. या मैत्रीबद्दल आज अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांच्या डायरीच्या तेरा वह्यांपैकी चार हरवलेल्या आहेत, काही पानं कापलेली आहेत, आणि वाद त्या रिकाम्या जागांवरूनच आहे.

प्रसिद्धीचा मात्र त्यांना तिटकारा. लुईस कॅरोल या नावाने कॉलेजात आलेली पत्रं ते न फोडताच परत पाठवत. राणी व्हिक्टोरियाला अ‍ॅलिस आवडली, तिने लेखकाचं पुढचं पुस्तक मागवलं आणि हाती आला डिटरमिनंटवरचा ग्रंथ, ही गंमत तुम्ही फॉरवर्डमध्ये वाचली असेल. ती खोटी आहे. १८९६ मध्ये त्यांनी स्वतः छापील खुलासा केला होता. डिटरमिनंटवर त्यांनी काम केलं हे मात्र खरं. मोठा डिटरमिनंट दोन बाय दोनच्या तुकड्यांनी पायरीपायरीने लहान करत नेण्याची त्यांची रीत १८६६ मध्ये रॉयल सोसायटीने छापली.

१८९० मध्ये त्यांनी पत्रं कशी लिहावीत यावर एक छोटी पुस्तिका काढली. सोबत तिकिटं ठेवायचं कागदी पाकीट, निरनिराळ्या किमतींच्या तिकिटांसाठी बारा कप्प्यांचं. सल्ले साधे आहेत. उत्तर लिहिताना आलेलं पत्र समोर ठेवा. पाकिटावर पत्ता आणि तिकीट आधी, पत्र नंतर. उशिराबद्दल माफी मागण्यात पानं भरू नका. रागाने लिहिलेलं पत्र एक दिवस बाजूला ठेवा आणि ते आपल्यालाच आलंय असं समजून वाचा. वादात शेवटचा शब्द आपलाच असावा हा हट्ट सोडा. आमच्या ऑफिसात ई-मेल पाठवण्याआधी एवढं पाळलं तर निम्म्या मीटिंगा वाचतील.

उतारवयात त्यांना वेड होतं ते तर्कशास्त्राचं. ऑक्सफर्डच्या मुलींच्या शाळेत जाऊन ते शिकवत. प्राध्यापक कुक विल्सन यांच्याशी एका कोड्यावरून त्यांचा पत्रांतून मोठा वाद झाला. मिटला नाही, पण पत्रं थांबली नाहीत. तर्कशास्त्रावरच्या पुस्तकाचा पहिला भाग १८९६ मध्ये आला. दुसरा येण्याआधीच, १४ जानेवारी १८९८ ला, गिल्डफर्डला बहिणींच्या घरी ते गेले. सहासष्टाव्या वाढदिवसाला तेरा दिवस बाकी होते.

खोल्या घाईने रिकाम्या झाल्या. सामान लिलावात गेलं, बरेच कागद जाळले गेले. ती नोंदवहीही आज नाही. अ‍ॅलिसला लहानपणी लिहिलेली पत्रं तर तिच्या आईने कधीच फाडून टाकली होती. अ‍ॅलिसनेच म्हातारपणी हे सांगितलं. म्हणजे इतक्या शिस्तीच्या माणसाने स्वतःजवळ जपलेलं बरंचसं गेलं. राहिलं ते त्यांनी दुसऱ्यांना पाठवलेलं. घरोघरच्या पेट्यांतून, कपाटांतून हजारो पत्रं निघाली, आणि १९७९ मध्ये त्यांतल्या निवडक पत्रांचे दोन जाड खंड छापले गेले. तर्कशास्त्राच्या त्या दुसऱ्या भागाची काही प्रुफंही सापडली, कारण ती त्यांनी पोस्टाने कुक विल्सनना वाचायला पाठवली होती. ज्याच्याशी पटत नव्हतं त्याच्यामुळेच काम वाचलं. १९७७ मध्ये ते छापून आलं.

आता माझं. मी इंजिनिअरिंगला होस्टेलवर असताना आपले सर मला आंतर्देशीय पत्रं लिहायचे. वर ख्यालीखुशाली, आणि दुमडायच्या जागेवर एक कोडं. शेवटचं पत्र आलं तेव्हा माझी पहिली नोकरी नुकतीच लागली होती. सवडीने लिहू म्हणून ठेवलं. सवड मिळाली तेव्हा सर नव्हते. डॉजसन यांचा नियम आहे, म्हणून माफीत पान भरत नाही. पत्र समोर ठेवलंय, कोडं सुटलंय, उत्तर पाठवायला पत्ता उरला नाही.

सरांच्या घरी विचारलं. घर बदलताना त्यांच्या वह्या रद्दीत गेल्या. पण सर एकट्या मलाच लिहीत नसणार. तुमच्यापैकी कुणाच्या पेटीत, जुन्या फायलीत सरांचं पत्र असेल तर संमेलनाला घेऊन या. मी स्कॅनर आणते. यादी मी सुरू केली आहे आणि माझ्याकडच्या पत्राला क्रमांक १ दिला आहे.