समजून घ्या : शाळेच्या मैदानावरची फटकेबाजी मोठ्या क्रिकेटमध्ये चालते का? सी. के. नायडूंचे आकडे काय सांगतात

नांदगाव खंडेश्वर : गावच्या मैदानावर टेनिस बॉलने षटकार ठोकणारा पोरगा लेदर बॉलकडे वळला की पहिला सल्ला मिळतो, हात आवर. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या आक्रमक चालींवरही हाच वाद चालतो. कॉलेजच्या बचावफळीला चकवणारी चाल व्यावसायिक खेळात टिकते का? कारण तिथे समोरचा प्रत्येकजण तितकाच चपळ असतो. आपल्या विदर्भात या प्रश्नाचे सर्वांत जुने उदाहरण म्हणजे कर्नल सी. के. नायडू.

जन्म नागपूरचा, ३१ ऑक्टोबर १८९५. शाळा हिस्लॉप. १९१६ मध्ये मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाकडून उतरले आणि खाते उघडले तेच षटकाराने. पायरी बदलली, खेळ तोच राहिला.

तेव्हा क्रिकेटवर पोट भरायचे तर संस्थानिकांचा आश्रय लागे. १९२३ मध्ये होळकरांनी त्यांना इंदूरला नेले, फौजेत हुद्दा दिला. डिसेंबर १९२६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर इंग्लंडहून आलेल्या एमसीसीविरुद्ध त्यांनी ११६ मिनिटांत १५३ धावा केल्या. त्यात षटकार ११! भारताला कसोटीचे दार उघडण्यात या खेळीचा मोठा वाटा मानला जातो.

कसोटीत मात्र आकडे घसरतात. प्रथम श्रेणीत सरासरी जवळपास ३६, शतके २६. कसोटीत ७ सामने, ३५० धावा, सरासरी २५, शतक एकही नाही.

मग पद्धत फसली का? घाई नको. १४ डावांचा नमुना फारच तोकडा आहे. शिवाय १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार झाले तेव्हा ते ३६ वर्षांचे होते. हाताला दुखापत होऊनही पहिल्या डावात संघातल्या सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच. सर्वोच्च ८१ धावा ओव्हलवर, १९३६ मध्ये, वयाच्या चाळिशीत. कसोटीची संधी त्यांना उमेदीची वर्षे सरल्यावर मिळाली, हे सरासरी सांगत नाही.

पद्धतीची खरी परीक्षा होळकर संघात झाली. १९४५-४६ च्या रणजी मोसमात म्हैसूरविरुद्ध होळकरने ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला. एकाच डावात सहा शतके. त्यातले एक पन्नाशीतल्या कर्णधाराचे. नायडूंच्या नेतृत्वाखाली या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला.

१४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरात त्यांचे निधन झाले. २३ वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय स्पर्धा आज त्यांच्याच नावाने खेळली जाते.