जे.सी. कुमारप्पा

जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा (४ जानेवारी १८९२, तंजावर – ३० जानेवारी १९६०, मद्रास) हे भारतीय अर्थशास्त्रज्ञ आणि ग्रामोद्योग चळवळीचे प्रमुख संघटक होते. महात्मा गांधींच्या आर्थिक विचारांना त्यांनी शास्त्रीय मांडणी दिली. ताड व शिंदीच्या रसापासून नीरा आणि गूळ तयार करण्याच्या उद्योगाचे ते पुरस्कर्ते होते.

सुरुवातीचे जीवन

त्यांचा जन्म तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनमध्ये लेखापालनाचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत लेखापरीक्षणाचा व्यवसाय केला. पुढे अमेरिकेतील सिरॅक्यूज व कोलंबिया विद्यापीठांत त्यांचे शिक्षण झाले. १९२९ मध्ये साबरमती येथे गांधीजींशी भेट झाल्यावर त्यांनी खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली.

वर्धा येथील कार्य

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली व कुमारप्पा त्याचे सचिव झाले. वर्ध्यातील मगनवाडी हे संघाचे मुख्यालय होते. मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष होते. समितीचा अहवाल १९३९ मध्ये आला. आजचे चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे मिळून होणारा चांदा जिल्हा याच प्रांतात मोडत असे.

नीरा व ताडगूळ

झाडातून रात्री पाझरणारा गोड रस सूर्योदयापूर्वी उतरवला तर ती नीरा होते. ऊन चढले की तो आंबून त्याची ताडी किंवा शिंदी बनते. आंबणे रोखण्यासाठी मडक्याला आतून चुना लावतात आणि रस लगेच कढवून गूळ करतात. १९३७ नंतर काँग्रेस मंत्रिमंडळांनी दारूबंदीचे धोरण स्वीकारल्याने रस काढणाऱ्यांच्या उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला. त्यांचे कसब आणि झाडे तीच ठेवून उत्पादन बदलावे, हा संघाने पुढे केलेला मार्ग होता. ही झाडे पडीक जमिनीवर वाढतात; त्यांच्यापासून गूळ मिळाल्यास उसाखालची सुपीक जमीन धान्याला मोकळी होईल, असेही कुमारप्पांचे प्रतिपादन होते. संघाच्या ताडगूळ विभागाचे काम गजानन नाईक यांनी पाहिले. मात्र नीरा काही तासांतच आंबत असल्याने तिची दूरवर वाहतूक व विक्री अवघड राहिली, तर रस कढवण्यास जळण बरेच लागे.

उत्तरायुष्य

१९४२ च्या आंदोलनानंतरच्या कारावासात त्यांनी निसर्गाशी सुसंगत, टिकाऊ अर्थव्यवस्थेची मांडणी करणारा ग्रंथ लिहिला. स्वातंत्र्यानंतर ते काँग्रेसच्या कृषी सुधारणा समितीचे अध्यक्ष होते. या समितीने १९४९ मध्ये अहवाल दिला. वर्धा जिल्ह्यातील सेलडोह येथे त्यांनी पन्नई आश्रम चालवला. अखेरची वर्षे त्यांनी मदुराईजवळील टी. कल्लुपट्टी येथे व्यतीत केली.

वारसा

अखिल भारत ग्रामोद्योग संघाने हाती घेतलेल्या उद्योगांपैकी अनेकांना पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या कार्यक्रमात स्थान मिळाले. ताडगूळ हा त्यांपैकीच एक होय. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठवण्यात आली.