विश्लेषण : कापूस रेल्वेने गेला, माणसे पायी आली… स्थलांतरित कामगाराची कहाणी अण्णा भाऊंनी मंचावर कशी आणली?

दरवर्षी १ ऑगस्टला अकोला, अमरावतीत लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांची जयंती साजरी होते. मिरवणूक निघते, डफ वाजतो, ‘फकिरा’चे नाव निघते. मात्र पोट भरण्यासाठी गाव सोडणाऱ्या माणसाचे जगणे त्यांनी तमाशाच्या मंचावर आणले, हे त्यांचे काम मिरवणुकीत फारसे दिसत नाही. ते त्यांनी कसे केले?

गाव का सुटले?

१९ व्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली आणि वऱ्हाडचा कापूस अकोला, खामगाव, अमरावतीच्या बाजारांतून थेट मुंबईला जाऊ लागला. तिथल्या गिरण्यांत राबणारे हात मात्र मुख्यतः कोकणातले आणि घाटावरचे. सातारा, कोल्हापूरकडे पाऊस दगा देई, जमीन तुकड्यांची, अनेकांना तर तीही नाही. त्याच पट्ट्यातल्या वाटेगावात (तालुका वाळवा, आता जिल्हा सांगली) १ ऑगस्ट १९२० रोजी मातंग कुटुंबात तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म झाला. हेच अण्णा भाऊ. त्यांची शाळा दीड दिवसाची, असे सांगितले जाते. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दुष्काळाने आणि गरिबीने साठे कुटुंबाला मुंबईची वाट धरायला लावली. गाडीभाड्याला पैसे नव्हते. वाटेत मिळेल ते काम करत सगळे पायी निघाले.

मुंबईत भायखळ्याच्या चाळीत बिऱ्हाड पडले. अण्णा भाऊंनी हमाली केली, फेरीवाल्याचे गाठोडे वाहिले, गिरणीत काम केले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती वाचत ते अक्षरे शिकले, अशी आठवण सांगतात. पुढे माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशी त्यांचा संबंध आला.

तमाशाच का निवडला?

मधल्या काळात गावी परतल्यावर ते नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात वावरले होते. गिरणगावातला प्रेक्षक काय घेऊन मुंबईत आला आहे, हे त्यांना नेमके ठाऊक होते. खोलीत दहा-पंधरा जण, तिघांना मिळून एक वळकटी, पण डोक्यात गावची लावणी, पोवाडा आणि वग. या माणसाला भाषण ऐकवायचे की त्याच्याच चालीत त्याचे दुःख मांडायचे? अण्णा भाऊंनी दुसरा मार्ग धरला.

१९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशाचा साचा ठेवला, आतला माल बदलला. गणात गणपतीऐवजी मातृभूमी आणि श्रमिकांना वंदन येऊ लागले, गवळण गेली. ‘अकलेची गोष्ट’सारख्या वगात सावकार आणि शेतकरी समोरासमोर आले. लोक हसत आणि हसता हसता आपल्याच कर्जाचा हिशेब त्यांना दिसे. ‘मुंबईची लावणी’त मलबार हिलची श्रीमंती आणि गिरणगावातली दाटी एकाच शहरात शेजारी उभी राहिली.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध आणले. अश्लीलतेचे कारण दिले गेले. पथकाच्या कार्यक्रमांवरही बंदी आली. मग तमाशा ‘लोकनाट्य’ या नावाने पुढे चालला. नाव बदलले की परवानगी मिळते, हा अनुभव तेव्हाच्या कलावंतांनाही आला म्हणायचा!

‘माझी मैना’त काय आहे?

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली ही छक्कड आजही लोकांच्या तोंडी आहे. तिची अर्धी ताकद राजकारणाच्या अलीकडची आहे. गावाकडे बायकोला सोडून एक गडी मुंबईला येतो. निघताना तिची समजूत घालतो, दागिन्यांचे वायदे करतो. इथे आल्यावर त्याला पोटाची आग भेटते आणि धनवंतांची नगरी दिसते. गिरणगावातल्या हजारो बिऱ्हाडांची हीच अवस्था होती. पुरुष खाणावळीत आणि बाई गावी शेतावर. त्यानंतर गाणे वळण घेते आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेले बेळगाव, कारवार, निपाणी हीच मैना होते. ताटातुटीचा अनुभव आधी नवरा-बायकोचा म्हणून मनाला लागतो, म्हणून सीमाभागाचा प्रश्न ऐकणाऱ्याला घरचा वाटतो.

वऱ्हाडात हा सूर वेगळा लागत होता, हेही सांगायला हवे. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी वेगळ्या विदर्भाची मागणी करत होते आणि मुंबईशी सोयरीक नको म्हणणारे इथे पुष्कळ होते. सीमेची जखम इथली नव्हती. पण गाव सोडण्याची होती.

कथेत हे कुठे दिसते?

माझ्या मते ‘स्मशानातील सोनं’ या कथेत सर्वाधिक. वारणेकाठचा धिप्पाड भीमा मुंबईच्या उपनगरात खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. पोराबाळांचे पोट भरायला तो मसणवटीत प्रेताच्या राखेतून सोन्याचे कण वेचू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजून तो पुरलेले प्रेत उकरतो आणि त्याची बोटे प्रेताच्या जबड्यात अडकतात. ती कायमची जातात. आणि तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. दगड फोडायला लागणारे हातच आता उरलेले नाहीत. कंत्राटी कामात मधले चार महिने रिकामे गेले की काय होते, हे समजायला अहवाल वाचण्याआधी ही कथा वाचावी.

‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ ची. वि. स. खांडेकर यांची तिला प्रस्तावना आहे, राज्य सरकारचा पुरस्कारही मिळाला. तीसहून अधिक कादंबऱ्या, कथासंग्रह, वग, पोवाडे आणि १९६१ च्या रशिया दौऱ्यावरचे प्रवासवर्णन एवढा पसारा त्यांनी मागे ठेवला. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत झालेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटनही त्यांनीच केले.

आपल्या भागाशी याचा संबंध काय?

अकोल्याची सावतराम, बडनेऱ्याची विजय मिल यांचे भोंगे थांबले. आज वऱ्हाडातली पोरे चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत कंत्राटावर जातात. मेळघाटातली कोरकू कुटुंबे रोजगार हमीचे काम संपले की सोयाबीन सोंगायला, बांधकामावर, वीटभट्टीवर उतरतात. लहान लेकरे सोबत असतात, शाळा मागे राहते. अण्णा भाऊंच्या काळात अशी माणसे रात्री पथकासमोर बसत आणि आपलीच गोष्ट ऐकत. आता ती वीटभट्टीवर मोबाइलवर रील पाहतात. त्यात त्यांची गोष्ट अपवादानेच असते. कोरकूंची स्वतःची गाणी आहेत, खम्ब स्वांगासारखे नाट्यही आहे. वीटभट्टीचे बोल त्यात बसवणारा कलावंत कोरकूंमधूनच यायला हवा.

अखेर कशी झाली?

‘वैजयंता’, ‘फकिरा’ यांसारख्या त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, पण घरची ओढाताण संपली नाही. अनेक वर्षे ते घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीवजा घरात राहिले. १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. टपाल खात्याने २००२ मध्ये त्यांचे तिकीट काढले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला.