जुझे कामिलो लिस्बोआ

डॉ. जुझे कामिलो लिस्बोआ (जन्म : आसगाव, बार्देश, गोवा, १८२३, मृत्यू : १८९७) हे मुंबईतील वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होते. मुंबई इलाख्यातील उपयुक्त वनस्पतींवरील ग्रंथासाठी आणि गवतांच्या अभ्यासासाठी ते ओळखले जातात. रानातून मिळणाऱ्या खाद्याची, विशेषतः दुष्काळात लोकांनी जगण्यासाठी खाल्लेल्या वनस्पतींची त्यांनी केलेली नोंद पश्चिम भारतातील या विषयाच्या आरंभीच्या शास्त्रीय नोंदींपैकी एक मानावी लागेल.

शिक्षण

मुंबईत १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ मध्ये आठ विद्यार्थ्यांची पहिली तुकडी पदवीधर होऊन बाहेर पडली. तीत लिस्बोआ होते. भाऊ दाजी लाड, आत्माराम पांडुरंग आणि अनंत चंद्रोबा हे त्यांचे सहाध्यायी. त्या काळी औषधनिर्मितीचा मोठा भाग वनस्पतींवर अवलंबून असल्याने वैद्यकाच्या विद्यार्थ्याला वनस्पतिशास्त्र शिकणे क्रमप्राप्तच होते. मात्र लिस्बोआ यांनी ही विद्या औषधांपुरती मर्यादित ठेवली नाही.

उपयुक्त वनस्पती आणि दुष्काळ

जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पंचविसावा खंड वनस्पतींना वाहिलेला असून तो १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील उपयुक्त वनस्पतींचा भाग लिस्बोआ यांनी लिहिला. इमारती लाकूड, खाद्य, विषारी वनस्पती, धार्मिक विधींतील वनस्पती अशी त्याची मांडणी उपयोगानुसार आहे. दुष्काळातील खाद्य वनस्पतींचा त्यात स्वतंत्र विचार आहे, आणि ग्रंथाचे सर्वांत मोलाचे अंग तेच होय.

या नोंदीमागे १८७६–७८ चा दख्खनचा दुष्काळ होता. पुणे जिल्ह्यात त्याची तीव्र झळ इंदापूर, भीमथडी अशा पूर्वेकडील तालुक्यांना बसली. पश्चिमेकडील मावळात पाऊस भरपूर. तिथल्या डोंगरउतारांवर वर्षातील काही महिने रान माणसाला पोसते. पहिल्या पावसानंतर येणारी शेवळे, फोडशी, टाकळा, कुरडू, भारंगी, बांबूचे कोंब, वारुळांवर उगवणारी अळंबी आणि पुढे जमिनीतून काढायचे करांदे हा त्या प्रदेशाचा जुना आहार आहे. यांतील पुष्कळ जिन्नस तसेच खाता येत नाहीत. शेवळे घशाला खाजतात म्हणून ती काकडाच्या फळांबरोबर किंवा चिंच घालून शिजवतात. कडू करांदे राखेच्या पाण्यात उकळून वाहत्या पाण्यात ठेवावे लागतात. अळंबीच्या बाबतीत तर चूक दुरुस्त करण्याची सोयच नाही. विषारी जातीतील विष शिजवल्याने जाईलच असे नाही, म्हणून ओळख पटलेली जातच घरात येते. (अळंबी हे कवक आहे, लिस्बोआ यांचा भर सपुष्प वनस्पतींवर होता.) खाद्य आणि विष यांच्यातील अंतर असे कधी कृतीवर, तर कधी केवळ ओळखीवर अवलंबून असल्यामुळे, एकाच ग्रंथात खाद्य व विषारी अशा दोन्ही वनस्पतींची शास्त्रीय नावांसह नोंद होणे महत्त्वाचे होते.

याच सुमारास, १८७८ मध्ये, भारतीय वन कायदा लागू झाला आणि राखीव जंगलातून काहीही गोळा करणे परवानगीचा विषय बनले. दुष्काळात रानावर जगलेल्यांचा आहार सरकारी ग्रंथात नोंदला गेला, पण त्याच सरकारच्या कायद्याने त्या रानाची वाट अरुंद केली. ही माहिती ज्यांच्याकडून आली असणार, त्या रानभाज्या आणणाऱ्या स्त्रियांची नावे अशा ग्रंथांत येत नाहीत.

लोणावळा आणि ज्यूलिया लिस्बोआ

१८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाल्यावर खंडाळा व लोणावळा मुंबईच्या अभ्यासकांच्या आवाक्यात आले. लोणावळ्याच्या गवताळ पठारांशी लिस्बोआ दांपत्याचे नाव कायमचे जोडले गेले, ते मुख्यतः त्यांच्या पत्नी ज्यूलिया (माहेरच्या रॉड्रिग्ज) यांच्यामुळे. मुंबई निसर्ग इतिहास संस्थेची स्थापना १८८३ मध्ये झाली. आत्माराम पांडुरंग तिच्या संस्थापकांपैकी एक होते. या संस्थेच्या नियतकालिकात १८८९ मध्ये ज्यूलिया यांनी भारत व श्रीलंकेतील सुगंधी गवतांवर लेख लिहिला आणि लोणावळा परिसरातील एका गवताचे नवी जाती म्हणून वर्णन केले. चुरगळल्यावर सुवास येणारे हे गवत मराठीत उसाधन किंवा वैदीगवत म्हणून ओळखले जाई. ज्यूलिया यांनी त्याला अँड्रोपोगॉन ओडोराटस असे नाव दिले होते. पुढे ते बोथ्रिओक्लोआ ओडोराटा या नावाने ओळखले जाऊ लागले.

लेखावर लेखिकेचे नाव मात्र मिसेस जे. सी. लिस्बोआ असे छापलेले आहे. परिणामी या जातीच्या नावापुढे नुसते लिस्बोआ असे लिहिले जाते आणि ते पतीचेच काम असावे असा समज सहज होतो.

जुझे लिस्बोआ यांनी याच नियतकालिकात १८९० पासून मुंबई इलाख्यातील गवते व त्यांचे उपयोग यांची यादी क्रमशः प्रसिद्ध केली.

नावे दिलेल्या जाती

ऑटो स्टॅफ यांनी ट्रायपोगॉन लिस्बोआए आणि जोसेफ हुकर यांनी आयसॅक्ने लिस्बोआए ही पश्चिम घाटातील गवते लिस्बोआ या आडनावावरून नामांकित केली. मूळ आडनावच आकारान्त असल्याने लॅटिन रूप स्त्री-पुरुष दोघांसाठी सारखेच होते. त्यामुळे हा मान दोघांपैकी कोणाचा, हे केवळ नावावरून ठरवता येत नाही.