शीग उतरवणाऱ्या फॅनी फार्मर

19व्या शतकातल्या अमेरिकी पाककृतीत लोणी ‘अंड्याएवढे’ घ्यायचे असे आणि पीठ ‘चहाच्या कपाने’. अंडे केवढे आणि कप कोणाच्या घरातला, हे गृहिणीने आपले आपण ठरवायचे. हा गोंधळ निस्तरण्याचे श्रेय बहुतांशी फॅनी मेरिट फार्मर यांना जाते.

त्यांचा जन्म 1857 मध्ये बोस्टनला झाला. वडील मुद्रक होते. सोळाव्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. तो पोलिओ असावा, असेही काही जण मानतात. कित्येक वर्षे चालता येत नव्हते. शिक्षण सुटले, पायातला लंगडेपणा कायम राहिला. घरीच त्या स्वयंपाकात रमल्या आणि तिशीच्या सुमारास बोस्टनच्या पाकशाळेत विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या. 1889 मध्ये अभ्यासक्रम संपला, तिथेच नोकरी मिळाली आणि काही वर्षांत त्या शाळेच्या प्रमुख झाल्या.

1896 मध्ये त्यांचे पाकशास्त्राचे पुस्तक निघाले. प्रकाशकाला खपाची खात्री नव्हती, म्हणून पहिल्या 3,000 प्रतींचा खर्च फार्मर यांनीच सोसला. पुढे ते लाखोंनी खपले.

पुस्तकातला मुख्य आग्रह सपाट मापाचा. कप अर्ध्या पिंटाचाच, म्हणजे सुमारे 237 मिलिलिटरचा. पीठ आधी चाळायचे, चमच्याने अलगद कपात टाकायचे, कप हलवायचा-आपटायचा नाही आणि सुरीने वरची शीग उतरवायची. ही कटकट कशाला? कारण कप जागा मोजतो, वजन नाही. फार्मर यांच्या तक्त्यात एक पौंड, म्हणजे 454 ग्रॅम, भरायला लोणी दोन कप लागते, साखरही दोन कप. मैदा मात्र चार कप. त्याच कपात साखर 227 ग्रॅम आणि मैदा जेमतेम 113. मैद्याच्या कणांमध्ये हवा असते. न चाळता कप थेट पिशवीत खुपसला, तर मैदा दाबला जातो आणि तोच कप 140 ग्रॅमच्याही पुढे जातो. अमेरिकेने त्यांचा कप उचलला, चाळणी बरीचशी विसरली. तराजू वापरणे खरे तर सोपे होते.

केकमध्ये ही चूक फार तर चवीला भोवते. आजाऱ्याचे तसे नसते. 1902 मध्ये स्वतःची शाळा काढल्यावर फार्मर परिचारिकांना रुग्णांचा आहार शिकवू लागल्या. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयातही त्यांनी व्याख्याने दिली. 1904 मध्ये आजारी आणि बरे होत असलेल्यांच्या आहारावर त्यांचे पुस्तक आले. स्वतःचे सर्वांत महत्त्वाचे काम त्या हेच मानत. त्यात मधुमेहावर स्वतंत्र प्रकरण आहे. इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा टोचले गेले 1922 मध्ये. तोवर मोजून-मापून खाणे हाच मधुमेहाचा मुख्य उपचार होता आणि कर्बोदके ग्रॅममध्ये मोजावी लागत. बोस्टनचे मधुमेहतज्ज्ञ इलियट जॉस्लिन यांनी आपल्या या विषयावरच्या लेखनाची प्रेरणा म्हणून फार्मर यांचे नाव घेतले आहे. (आपल्या आहारतक्त्यातली ‘एक वाटी भात’ कोणत्या वाटीने, हे रुग्णाने जरूर विचारावे.)

अखेरच्या वर्षांत फार्मर चाकाच्या खुर्चीत बसून शिकवत. जानेवारी 1915 मध्ये, वयाच्या 57व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शेवटचे व्याख्यान त्यांनी जेमतेम दहा दिवस आधी दिले होते.