पैठणचे घर

कीर्तन उरकून बुक्का लावू लागलो की एखादा माळकरी हमखास विचारतो, की बोवा, लेकराबाळांचा रगाडा मागे लागलेला, आम्हाला कसला मोक्ष मिळायचा? पाठशाळेत धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष हे चार पुरुषार्थ आम्ही पायऱ्यांसारखे घोकले होते. खालच्या तीन मागे टाकल्या म्हणजे चौथी. पण या प्रश्नाला ते पाठांतर पुरत नाही. मी त्या माणसाला पैठणच्या एका घरी घेऊन जातो.

श्रीएकनाथमहाराजांचा जन्म पैठणास इ.स. १५३३ च्या सुमारास झाला. विजयनगराहून पांडुरंगाची मूर्ती पंढरीस परत आणणारे भानुदास हे त्यांचे पणजोबा. आईबाप लहानपणीच गेले, आजोबा चक्रपाणी यांनी वाढविले. पोर गुरूच्या शोधात घर सोडून देवगिरीस गेले आणि जनार्दनस्वामींच्या पायी पडले.

आता गंमत पहा. मोक्ष मागायला गेलेल्या या मुलाला गुरू मिळाले ते काही गुहेतले नव्हेत. स्वामी देवगिरीचे किल्लेदार, दरबारची चाकरी करणारे. त्यांनी शिष्याला हिशेबाच्या वह्या दिल्या! एके रात्री एका पैचा मेळ बसेना. नाथ दिवा लावून बसले ते मध्यरात्र उलटून गेली तरी बसलेच. शेवटी चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजविली. स्वामी जागे झाले. एका पैची चूक सापडली तर एवढा हर्ष, मग जन्ममरणाची जी केवढी थोरली चूक होऊन बसली आहे ती सापडल्यावर काय होईल, असे त्यांनी शिष्यास विचारले. ही कथा सारे सांगतात. मला तिच्यात वेगळेच दिसते. स्वामींनी वही बाजूला ठेवायला सांगितले नाही. जे चित्त पैवर जडले तेच देवाकडे वळवायचे. चित्त तेच आणि वहीही तीच.

पुढे तीर्थयात्रा झाली. परत येताना पैठणात आजोबांनी गुरूंचे पत्र हाती ठेवले. पत्र मिळेल तेथेच राहावे, गृहस्थाश्रम करावा, अशी आज्ञा. नाथ तेथेच थांबले. गिरिजाबाईंशी लग्न झाले, मुलेबाळे झाली. श्राद्धाचे अन्न दारच्या भुकेल्या अंत्यजांना वाढले म्हणून गावाने वाळीत टाकले, तेही सोसले. आणि त्या घरी गिरिजाबाईंनी किती पंगती वाढल्या याचा हिशेब कोणी ठेवला आहे? चरित्रकार नाथांची शांती वर्णितात. चुलीपाशी उभी असलेली शांती त्यांच्या नजरेतून सुटते.

याच गृहस्थाने भागवताच्या एकादश स्कंधावर मराठीत टीका लिहिली. इ.स. १५७३ मध्ये ती काशीस पुरी झाली. त्या स्कंधाच्या विसाव्या अध्यायात भगवंत उद्धवाला सांगतात की माझे अनन्य भक्त मी देऊ केलेले कैवल्यदेखील इच्छीत नाहीत. म्हणजे चारी पायऱ्या चढून गेल्यावर वर आणखी काही आहेच. आपले लोक भक्तीला पाचवा पुरुषार्थ म्हणतात ते उगीच नाही. पुढे इ.स. १५८४ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ते नसते तर माउलींचा शब्द आपल्यापर्यंत कोणत्या रूपात आला असता, कोण जाणे!

पण नाथांची खरी कसोटी गावाने पाहिली नाही, पोटच्या पोराने पाहिली. हरिपंडित मोठे विद्वान. बापाने प्राकृतात पुराण सांगावे, वाटेल त्याच्या घरी जेवावे, हे त्यांना साहवेना. रुसून काशीस गेले. खरे सांगतो, तरुणपणी माझे मन हरिपंडितांकडेच होते. व्याकरण घोकलेल्याला मराठी ओवी धाकटीच वाटते. नाथ मात्र वाद न घालता काशीस गेले आणि मुलाच्या दोन्ही अटी मान्य केल्या. परान्न वर्ज्य, प्राकृत वर्ज्य. पुराण हरिपंडित संस्कृतात सांगू लागले नि श्रोते हळूहळू येईनासे झाले.

तेवढ्यात एका बाईने सहस्रभोजनाचा नवस केलेला, पण पदरी पैसा नाही. नाथांना एकट्यांना जेवू घातले तरी ते फळ मिळेल, असे तिला सांगण्यात आले. हरिपंडितांनी स्वतः स्वयंपाक केला. जेवण झाल्यावर नाथांनी उष्टी पत्रावळ त्यांनाच उचलायला लावली. एक उचलली तर खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, अशा हजार! आख्यायिका आहे, ज्याने त्याने आपल्या भावाप्रमाणे घ्यावी. मला ती पत्रावळींपेक्षा वाकलेल्या पाठीची वाटते. त्या दिवसापासून पैठणात पुन्हा मराठी पुराण सुरू झाले.

इ.स. १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदावरीत देह ठेवला. भावार्थरामायण युद्धकांडात अपुरे राहिले होते. ते पुरणपोळीच्या आवडीने नाथांघरी राहिलेल्या गावबाने पुरे केले असे सांगतात. आणि नाथांच्या पादुका घेऊन आषाढीला पंढरीची वाट पहिल्याने धरली ती हरिपंडितांनी.